कामाच्या वाटणीचं पान

"वाचतेस काय एवढं? खाली सही कर आणि मोकळी हो," सर म्हणाले.

लॅबच्या टेबलावर तीन काळी पुस्तकं ठेवली होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अहवाल. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात प्रोग्रॅमची सीडी. ग्रुपमध्ये आम्ही तिघं. जयेश, स्नेहा आणि मी. त्या दोघांच्या सह्या झाल्या होत्या.

सहीच्या वर छापलं होतं की हे काम आम्ही खाली दिल्याप्रमाणे स्वतः केलं आहे. त्याखाली तीन ओळी, इंग्रजीत. जयेश: प्रोग्रॅम आणि डेटाबेस. स्नेहा: डिझाइन. माझ्या नावापुढे: टायपिंग आणि चाचणी.

टायपिंग.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, प्रोग्रॅम मी लिहिलाय."

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुला काय फरक पडतो गं? तुमच्या लोकांना पासिंग पुरतं. सवलत आहे ना. जयेशला बाहेर शिकायला जायचंय, त्याच्या नावावर काहीतरी दिसायला हवं."

तुमच्या लोकांना. लॅबमध्ये आणखी दोन ग्रुप बसले होते. सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही.

आमचा प्रोजेक्ट होता कापडाच्या गोडाऊनमधला साठा मोजण्याचा. जयेशच्या वडिलांची वळ गावात जमीन. तिच्यावर त्यांनी गोडाऊनं बांधली होती, म्हणून विषय त्याने आणला. माझी आई त्याच गावात दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये रोजावर माल उचलायची. तेवढ्यासाठी पाडा सोडून आम्ही नारपोलीत एका खोलीत राहत होतो. सुट्टीत मीही तिच्याबरोबर ताके मोजायला जायचे. ताका म्हणजे लूमवरून उतरलेलं अखंड कापड, घडी घालून बांधलेलं.

पहिल्याच आठवड्यात जयेशने वहीत आकृती काढून आणली. ताके गुणिले शंभर मीटर, झाला साठा. मी मोठ्याने हसले.

"कधी ताका उचललायस का रे? एक शहाण्णव भरतो, एक एकशे चार. मध्ये फॉल्ट निघाला तर कापून तुकडा वेगळा काढतात. शंभर कुठून आणलास?"

"पप्पा शंभरच बोलतात."

"पप्पा केबिनमध्ये बसून बोलतात."

मी सांगितलं, प्रत्येक ताक्याला स्वतःची नोंद हवी. त्याचा नंबर, त्याचे मीटर, आला कधी, गेला कधी. जयेश म्हणाला, "मग तूच कर." केलं. चार महिने.

घरी कॉम्प्युटर नव्हता. लॅब आठवड्याला दोन तास, त्यातही लाइट जायची. मी प्रोग्रॅम आधी फुलस्केप वहीत पेन्सिलीने लिहायचे. कॉलेजजवळच्या सायबर कॅफेवाल्याशी सौदा केला. त्याच्या मशीनमधले व्हायरस मी काढायचे, त्याने मला दुपारचा वेळ फुकट द्यायचा. तो अर्ध्या तासावर अडून बसला. मी वही उचलून चालू लागले. "अरे बैठो, बैठो. एक घंटा ले लो," तो मागून ओरडला.

वर्गात सगळं पाठ केलं होतं. शिकले ते त्या तासात. गाडीतून गेलेला ताका कधीकधी परत येतो. येताना कमी भरतो, कारण व्यापाऱ्याने नमुन्याला कापून घेतलेला असतो. जुनी नोंद पुसली तर तो कधी गेलाच नव्हता असं होतं. ठेवली तर साठा चुकतो. तीन दिवस अडकले. मग कळलं. नोंद पुसायची नाही, तिच्यापुढे नवी लिहायची. परत आला, इतके मीटर. साठा जुळला. आपल्याला हे येतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

म्हणून त्या टेबलापाशी मी म्हटलं, "सर, जयेशला एकच विचारा. गेलेला ताका परत आला तर प्रोग्रॅम काय करतो?"

सरांनी जयेशकडे पाहिलं. जयेशने स्नेहाकडे.

"डिलीट करतो," जयेश म्हणाला. "म्हणजे... डिलीट करून परत ॲड करतो."

"सर, यात डिलीटचं बटणच नाहीये."

मला वाटलं, झालं. आता सर ओळ बदलतील.

सरांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "मला माहीत आहे कुणी केलंय ते. सही कर."

तोपर्यंत माझा समज होता की यांना माहीत नाही. माहीत झालं की देतील. शाळेपासून मी दुप्पट काम करत आले ते दिसावं म्हणून. आणि त्यांना तर दिसत होतं. पहिल्या दिवसापासून. दिसत होतं म्हणूनच घेत होते.

मी पेन घेतलं नाही.

"एक ओळ बदला. सही करते."

"बाइंडिंग झालंय. तुझ्यासाठी तीन पुस्तकं फोडायची?"

"फोडा."

स्नेहा रडवेली झाली. "प्लीज गं. उद्या सबमिशन आहे. माझं काय चुकलं यात?"

चुकलं होतं. ती ओळ वाचून तिने सही केली होती.

जयेशने मला खिडकीपाशी नेलं. "ऐक ना. पप्पांना सांगून तुला आमच्या ऑफिसला कॉम्प्युटरवर बसवतो. परमनंट. मग तुझ्या आईला पण माल उचलायला नको. बोल."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस!" मी अशी ओरडले की बाहेरचा शिपाई आत आला. आता सगळ्यांच्या माना वर झाल्या.

सर उठले. "सही नाही तर तू ग्रुपमध्ये नाहीस. टर्म जाईल तुझी."

"लिहून द्या."

"काय?"

"मला काढलं ते. तारीख टाकून."

लिहून दिलं नाही. काढलं मात्र. एका ओळीसाठी जे बाइंडिंग फुटत नव्हतं, ते माझं नाव काढायला एका दुपारीत फुटलं. नवी पुस्तकं आली. दोन नावं. सीडी तीच. दोघं चांगल्या मार्कांनी पास झाले.

घरी आईने एवढंच विचारलं, "सही केलीस?"

"नाही."

"वरीस गेला?"

"सहा महिने."

"जाऊं दे. आमचा तं हजेरीत नावच न्हाय. मुकादम लिवतो, बाया सात."

सहा महिन्यांनी मी एकटीने प्रोजेक्ट दिला. पहिला प्रोग्रॅम देता येत नव्हता. तो जयेशच्या नावाने जमा झालेला. मी दिला असता तर चोर मीच ठरले असते. मग नवा लिहिला, गोडाऊनमधल्या मजुरांच्या हजेरीचा. प्रत्येक बाईचं पूर्ण नाव, ती कुठल्या गाडीवर होती, कधी आली, कधी गेली. आईला आणि तिच्यासोबतच्या बायकांना विचारून विचारून.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमचा ग्रुप कुठे आहे?"

"मी एकटी आहे."

"का?"

"ते सांगण्यात वेळ जाईल, मॅडम. प्रोग्रॅमचं विचारा."

त्यांनी तासभर विचारलं. घाम काढला. मी पास झाले.

पास झाले म्हणून ते सगळं मिटलं, असं कुणी समजू नये. मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. आज मी याच पट्ट्यातल्या गोडाऊनवाल्यांना प्रोग्रॅम बनवून देते. लोक म्हणतात, बाई तिखट आहे, कागद वाचायला दोन तास लावते, बोलता बोलता उठून जाते. लावते. जाते.

त्या लॅबमध्ये मी सही दिली नाही, ते बरोबर केलं. पण सीडी टेबलावर ठेवून आले. ती चूक होती, आणि ती माझी होती. आता काम माझं आहे हे मी कुणाला पटवत बसत नाही. त्यांना माहीत असतं. मी माझी अट सांगते, एकदाच. मान्य नसेल तर उठते. आणि उठताना माझं काम सोबत घेऊन उठते.