दुर्वांवरचं पाणी

आमच्या बागेतल्या हिरवळीला महापालिका शुद्ध केलेलं सांडपाणी देते. सकाळी फवारे सुरू झाले की क्लोरीनचा उग्र वास येतो आणि मी नाकावर रुमाल धरून चालतो. जंतूंना मारणारं औषध माणसाला ओळखून सोडून देतं, हे काही मला पटत नाही.

काल मात्र वास आलाच नाही. मग तर माझा जीव जास्तच घाबरा झाला. औषध घालायचंच राहिलं असेल, तर गावाची सगळी कावीळ, सगळे जुलाब या तुषारांतून अंगावर येत असणार.

शेजारच्या मालतीकाकू त्याच हिरवळीत बसून संकष्टीसाठी दुर्वा खुडत होत्या.

"काकू, आज पाण्याला वास नाही," मी म्हणालो.

"बरंच झालं की! एरवी दुर्वा दोनदा धुवाव्या लागतात."

वास आला तरी संशय, नाही आला तरी संशय. सांडपाणी जातं ते मोरीचं भोक तेवढं घरात दिसतं. तिथून पुढचं सगळं ऐकीव.

संध्याकाळी काकूंच्या घरी आरतीनंतर त्यांनी माझ्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. त्यात दुर्वेची एक काडी तरंगत होती. एरवी डोळे मिटून घेतो ते तीर्थ मी आधी हुंगलं. कसलाच वास नव्हता, आणि म्हणूनच हात ओठांपाशी थांबला.

काकू माझ्याकडेच बघत होत्या.