गच्चीवरचे उल्कावाले काका

दिल्लीच्या आकाशात उल्का दिसते असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांत, एकच होता, आणि तो नेमका फरीदाबादला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. हे काका मूळचे नागपूरचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. स्कूटरचा आरसा आणायला म्हणून करोल बागेत गेले आणि कुणाचा तरी जुना कॅमेरा घेऊन परत आले. आरसा राहिला तो राहिलाच. ट्रायपॉडवर त्यांचा विश्वास नव्हता. गच्चीच्या कठड्यावर राजम्याची पिशवी, तिच्यात गच्चीच्या दिशेने तोंड करून रुतवलेला कॅमेरा आणि शेजारी मफलर गुंडाळलेले काका, असा थाट असायचा. कॅमेऱ्यासमोर कुणी आलं की एरवी देवमाणूस असलेले काका असे खेकसायचे की सोसायटीचा गार्डही वाकून जायचा.

या खटाटोपाचं मूळ काकूंच्या एका वाक्यात होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या दिल्लीत धड रात्रच होत नाही. आमच्या अंगणात बसल्या बसल्या उल्का दिसायची." हे बोलणं काकांना तीस वर्षं टोचत होतं. आता डिसेंबर संपला की दोघं कायमचे नागपूरला निघणार होते, आणि त्याआधी दिल्लीतल्या उल्केचा फोटो बायकोच्या हातात ठेवायचाच, असा त्यांनी हट्ट धरला होता.

दर दोन दिवसांनी सकाळी सहाला माझी बेल वाजायची. "सापडली रे!" मी डोळे चोळत फोटो मोठा करून बघायचो.

"काका, विमान आहे हे."

"नीट बघ यार जरा."

"दिव्यांचे ठिपके आहेत ओळीने, काका."

मग ते वहीत निमूटपणे 'विमान' असं लिहून टाकायचे.

कॅमेऱ्याची आणखी एक गंमत होती. अर्धं मिनिट फोटो काढला की पुढचं अर्धं मिनिट तो फोटोतले ठिपके साफ करत बसायचा आणि तेवढा वेळ त्याला काही दिसत नसे. ती सोय बंद करा म्हणून मी शंभरदा सांगितलं. काकांचं उत्तर ठरलेलं, "न धुता भाजी चिरतात का?"

निघायच्या आठवड्यात, उल्कावर्षावाच्या रात्री, मी त्यांच्या सोबतीला गच्चीवर होतो. काकू चहाचा थर्मास घेऊन वर आल्या, आणि त्याच क्षणी आभाळातून लखलखीत रेघ सरकत गेली. कॅमेरा भाजी धूत होता. मला अक्षरशः रडू आलं. काकू मात्र थेट समोरच्या कठड्यापाशी, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आता बिचाऱ्यांवर खेकसणार, म्हणून मी अंग चोरलं. पण काका हळूच म्हणाले, "दिसली ना तुला?"

"दिसली हो. अगदी अंगणातल्यासारखी."

कॅमेऱ्याने पुढचा फोटो आपोआप काढला. तो आता नागपूरला त्यांच्या बैठकीत लावलाय. त्यात नारिंगी धुरकं आहे, मान वर केलेल्या काकू आहेत, उल्का नाही. काका आल्यागेल्याला तो उल्केचाच फोटो म्हणून दाखवतात. राजम्याची पिशवी ते माझ्याकडे ठेवून गेलेत. अजून ती शिजवायला मन होत नाही.