आमच्या मालेगावात खिरापत फुटली

कोजागिरीच्या अगोदरच्या रविवारी, मालेगावच्या लोककला महोत्सवात प्रस्तुत लेखकाने सक्रिय सहभाग नोंदविला... त्या सहभागाचे स्वरूप ऐकून कृपया हसू नये.

अशा महोत्सवात सहभागी होण्याचे मार्ग अनेक असतात. पैकी गायनाचा मार्ग तबलजींनी पहिल्याच तालमीत हात जोडून बंद केला. नाटकात मृत सावकाराची भूमिका लाभली होती. परंतु प्रेत सारखे हसते, अशी तक्रार गेली. अखेर समितीचे सचिव देशमुख सर यांनी सतरंज्या अंथरण्याचे दायित्व माझ्या स्कंधांवर सोपविले. ‘आस्तरण-विभागप्रमुख’ हे पदनाम मात्र मी स्वयंप्रेरणेने धारण केले.

पण ही कथा माझी नव्हे, आमच्या शेजारच्या मंगलावहिनींची आहे. त्या दरवर्षी महिनाभर, कोजागिरीच्या विसर्जनापर्यंत, घरी भुलाबाई मांडतात. मातीचे भुलोजी-भुलाबाई, समोर टिपऱ्या, गाणी आणि सरतेशेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत... डबा वाजवून दाखवायचा, आत काय आहे ते मुलींनी ओळखायचे, आणि तोवर कोणाच्याही मुखी कणसुद्धा पडू द्यायचा नाही!

एकेकाळी त्यांच्या ओसरीवर मुली मावत नसत. अलीकडे क्लास, परीक्षा आणि मोबाईल या त्रिदोषांमुळे दोन वृद्धा आणि एक मांजर एवढाच भक्तगण उरला होता. म्हणून वहिनींनी समितीकडून महोत्सवात थोडा वेळ मागून घेतला.

“भाऊजी, यंदा स्टेजवर मांडून पाह्यतो,” त्या मला म्हणाल्या. “एक बी पोरगी उठून आली नाही, त पुढच्या साली मूर्त्याच आनत नाही.” हे त्या हसतच म्हणाल्या... पण त्यांचे हसणे मी ओळखून आहे.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. आमच्या तालुक्यात दात्यांचे आभार मानल्यावाचून पडदाही वर जात नाही. वहिनी आणि त्या दोन वृद्धा स्थानापन्न होताच देशमुख सरांनी माईक हाती घेतला आणि घनगंभीर स्वरात घोषणा केली, “आजच्या भुलाबाईची खिरापत, शुद्ध तुपातली बेसनाची वडी, धान्याचे सुप्रसिद्ध व्यापारी पारसशेठ यांच्याकडून! जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. पारसशेठ उठून नमस्कार करते झाले. पेपर फुटावा तशी खिरापत फुटली होती... आणि व्यासपीठावरील पुरुषवर्गाच्या ते गावीही नव्हते.

“काहून सांगतलं वो सर?” वहिनींचा हा क्षीण प्रश्न माईकने सर्वांना ऐकवला. सर निरागसपणे म्हणाले, “अहो, दात्याचं नाव घ्यायचं नाही का?”

तरीही वहिनी गायल्या. पुढच्या रांगेतल्या शाळकरी मुली अत्यंत सभ्यपणे मोबाईल पाहत राहिल्या. गाणी संपली, सवयीने वहिनींनी डबा वाजवला... आणि एका मुलीने केवळ मदत म्हणून सांगितले, “काकू, बेसनाची वडी.”

मंडपात हशा पिकला. वहिनींनी डबा खाली ठेवला आणि टिपऱ्या गोळा करायला घेतल्या. सतरंजीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माझ्या शब्दकोशात त्या क्षणी एकही संस्कृत शब्द शिल्लक नव्हता.

तेवढ्यात मागून आरोळी आली. सोयाबीन सोंगून थेट शेतातून आलेल्या काही बाया मंडपाच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्यातली गंगूआजी ओरडली, “वो मंगले! थो डबा देऊन टाक तुया सरले. हा घे माया! आता सांगा म्हना पोरीहो, काय हाय त!”

तिचा जेवणाचा डबा डोक्यांवरून हातोहात पुढे निघाला. वाटेत प्रत्येक जण तो कानाशी धरून वाजवी, त्यामुळे प्रवास बराच लांबला. “भाकर!” “शेंगा!” “धपाटे!” हे शेवटचे खुद्द पारसशेठ, खुर्चीवर उभे राहून. देशमुख सर प्रायश्चित्ताच्या सुरात माईकमध्ये पुटपुटले, “ठेचा?” मीही ‘अन्नावशेष’ असा एक तर्क मांडला. त्यावर गंगूआजी, “त्याले कोनी तरी खाली बसवा!”

एव्हाना मुली स्टेजवर चढल्या होत्या. डबा हलवून झाला, हुंगून झाला, शेवटी एकमुखाने “हरलो!” झाले. झाकण उघडले... आत बांधावरचे एक पिकलेले सीताफळ!

मग काय, मंडपातून डब्यांची रांगच लागली. वहिनींनी मात्र तिथल्या तिथे कायदा केला, “पयले गानं, मंग डबा.” मुलींना गाणी येत नव्हती, पण खिरापतीची ओढ सर्व विद्यांची जननी असावी. वहिनींच्या मागोमाग त्या गाऊ लागल्या, चुकू लागल्या, पुन्हा गाऊ लागल्या. पुढच्या नाटकातला सावकार पडद्यामागे ताटकळून खराच झोपी गेला, असे कळते.

सोमवारी संध्याकाळी वहिनींच्या ओसरीवर चार मुली आल्या. कोणी बोलावले नव्हते. मंगळवारी त्या मैत्रिणींना घेऊन आल्या...

कोजागिरीला, विसर्जनाच्या आधी, मी अंगणात दूध आटवत बसलो होतो. पलीकडे कडाक्याचे भांडण पेटले. “पुढच्या वर्षी भुलाबाई आमच्या घरी!” “काहून? तुमच्या घरी कुत्रा हाय!” “मंग? तुमच्या घरी त ओसरीच नाही!”

वहिनी कुंपणाच्या भिंतीशी आल्या. “भाऊजी, ऐकून राह्यले नं? भांडून राह्यल्या पोरी.” एवढे म्हणाल्या, पण भांडण मिटवायला काही गेल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून तिथेच ऐकत उभ्या राहिल्या.

मैफली मी पुष्कळ ऐकल्या आहेत... पण इतक्या सुरेल भांडणाचा श्रोता होण्याचे भाग्य दिल्याबद्दल, त्या समस्त कलहकारिणींचा मी आजन्म ऋणी आहे.