वर्ल्ड कप किल्लारीला भरवायचा तर: एका निवड समितीचा दौरा

दिवाळीपासून आमच्या घरात कुणी “माझा!” म्हणून ओरडलं नव्हतं.

हे ओरडणं काय ते आधी सांगते. आमची ऋतुजा, वय वीस, नांदेडमध्ये कॉलेजच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. उंच आलेला बॉल धरायला निघाली की जिवाच्या आकांतानं ओरडते, “माझा!” म्हणजे बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. खोड घरातही तीच. शेवटचा पापड, टीव्हीचा रिमोट, पंख्याखालचा पलंग, सगळ्याला “माझा!” अगं बाई, शेजारचे काय म्हणतील, असं मी तिला शंभरदा रागावले असेन. मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मॅचमध्ये तिनं उडी मारली, पाय वाकडा पडला आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटला. घर असं चिडीचूप झालं, की कुकरच्या शिट्टीनंसुद्धा मी दचकायला लागले.

नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. बाईसाहेबांनी जाहीर केलं, “ऑपरेशन असेल तर फुटबॉल सोडला. चालता येईल ना? बास. विषय संपला.” घाबरली होती, दुसरं काही नाही. तिचे पप्पा म्हणाले, गुडघा तिचा, ती ठरवेल. मला काही ते पटेना. मला ऑफसाइड म्हणजे काय हे अजून कळत नाही, पण माझी पोरगी गोलसमोर उभी राहते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते दुसरीकडे कुठं येत नाही, एवढं मला कळतं. म्हणून मी हट्टानं लातूरच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. दुसरं मत घ्यायचं, तिथून पुढं किल्लारीला, म्हणजे माझ्या माहेरी, मुक्काम करायचा आणि परत यायचं. गाडी आमचीच जुनी, ड्रायव्हर मी.

निघालो सकाळी, संक्रांतीनंतरच्या चांगल्या कडक थंडीत. नांदेडातच वजिराबादेत थांबून सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, वरून डाळं आणि शेंगदाण्याचा कूट. पोट भरतं आणि जडही होत नाही. ऋतुजा मागच्या सीटवर पाय लांब करून, कुबड्या शेजारी घेऊन बसलेली. लोह्यापर्यंत तोंडातून ब्र नाही, नुसता मोबाइल. लोह्यात चहाला थांबलो तेव्हा एकदम म्हणाली, “मम्मी, हे बघ. फुटबॉलच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेची यजमान शहरं बदलायला निघालेत. आधीच्यांनी हात वर केले म्हणे. आता दुसरी शहरं शोधून राहिलेत.”

“मग नांदेड दे की,” मी म्हटलं. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले होते.

“नांदेडला विमानतळ आहे,” ती गंभीरपणे म्हणाली. “गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे, म्हणजे लाखभर लोक आले तरी जेवायची चिंता नाही. चालेल. उद्घाटन नांदेडला. पण एका शहरात वर्ल्ड कप होत नसतो. अजून शहरं लागतील.”

इतक्या दिवसांत ती एवढं सलग पहिल्यांदा बोलली होती. मी चहा तसाच घशात ओतला आणि गाडी काढली, कारण हे बोलणं मला तुटू द्यायचं नव्हतं. लोहा ते अहमदपूर एवढ्या रस्त्यात निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष ऋतुजा, सचिव मी. माळेगाव आलं तेव्हा अध्यक्षांनी फर्मावलं, इथल्या जत्रेत एवढे घोडे आणि उंट मावतात, तर पार्किंग इथं. मी बिलोलीचं नाव पुढं केलं. तिथल्या शाळेत मी शिकवते, तेव्हा माझा स्वार्थ उघडच होता.

“बिलोलीत काय आहे?”

“तेलंगणाची हद्द जवळ आहे. मराठी न येणारे पाहुणे आले तर आमची सातवीतली पोरंसुद्धा तेलुगूत बोलतील. लातूरकडं कोण बोलणार?”

“नोंद घेतली,” अध्यक्ष म्हणाले. म्हणजे कचऱ्यात. सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाला ही भाषा बरोबर कळते.

मग मी विचारलं, “आणि तारखा? तारखांशिवाय शहरं कशी बुक करायची?”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर ज्वारी उभी होती, हरभरा हिरवागार होता, बघण्यासारखं होतंच. थोड्या वेळानं म्हणाली, “तारखांचं नंतर बघू.” चाकूर येईपर्यंत पुन्हा नुसता मोबाइल. मी स्वतःलाच मनात चार शिव्या घातल्या.

रस्त्याबद्दल: नांदेड–लातूर आता बराचसा सरळसोट आहे, तीन तास धरा. उसाचे ट्रॅक्टर मात्र जपून. दोन-दोन ट्रॉल्या लावून मधोमध चालतात आणि हॉर्न दिला तर ड्रायव्हर आपल्याकडं अशा नजरेनं बघतो की आपलंच चुकलं. ज्यांना गाडीचा ताप नको त्यांच्यासाठी एसटी आहेच.

लातूरला डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये सगळ्यांचे पाय सरळ आणि चेहरे वाकडे. वेळ जाईना म्हणून आम्ही समितीचं काम पुढं नेलं. गंजगोलाईत मोठा पडदा लावायचा, तिथं एवढे रस्ते येऊन मिळतात की लोक आपोआप जमतील. “पण लातूरला पाण्याचं काय? दुष्काळात रेल्वेनं आणावं लागलं होतं,” मी म्हटलं. “टीम रेल्वेनं आणू, येताना पाणी घेऊनच येतील,” ऋतुजा म्हणाली. समोरच्या बाकावर एक काकू बसल्या होत्या, नवऱ्याच्या पायाला प्लास्टर. त्या कधीच्या कान देऊन ऐकत होत्या.

“कोन्ती स्पर्धा व्हय?”

“वर्ल्ड कप, काकू. जागा बघून राहिलो,” ऋतुजानं पापणी न लववता सांगितलं.

“मग आमच्या मुरुडला घ्या की, हितं लातूरजवळच हाय! आमच्या बाजाराला लई गावं येतेत. कुनी उपाशी गेलं न्हाई आजवर.”

“हॉटेलं किती आहेत?”

“हॉटेल कशाला लागतंय? आमची वरची खोली मोकळीच हाय. चार पोरी ऐसपैस झोपतील.”

“एका टीममध्ये वीस-बावीस असतात, काकू.”

काकूंनी जरा विचार केला. “मग जावेला सांगते. तिची बी खोली हाय.”

नवरा प्लास्टरमधून म्हणाला, “आगं, पोरगी चेष्टा करून राहिली.” काकू म्हणाल्या, “करू द्या की. पाय मोडलाय बिचारीचा, तोंड तर चालू द्या.” मला तिथल्या तिथं त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्यात आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी एमआरआय बघितला, गुडघा इकडून तिकडून हलवून बघितला आणि मला न सांगता तिलाच सांगितलं, हे मला आवडलं. तुटलेला लिगामेंट आपोआप जुळायचा नाही. मांडीच्या मागच्या स्नायूचा एक दोर काढून त्याच्या जागी बसवायचा. सुरुवातीला तो तिथं परकाच असतो. मग हळूहळू शरीर त्याला आपलं करून घेतं आणि तो लिगामेंटचं काम करायला लागतो. “नुसतं चालायचं असेल तर ऑपरेशनशिवायही भागेल. खेळायचं असेल तर करावं लागेल. वर्ष धर. व्यायामाला कंटाळलीस तर वर्षातही नाही. खात्री मी देत नाही, प्रयत्न देतो.”

“म्हणजे आधीच्यानं हात वर केले, म्हणून दुसऱ्याला यजमान करायचं,” ऋतुजा म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. पण तिचा आवाज पडलेला होता आणि बाहेर येताना ती म्हणाली, “वर्ष म्हणजे लई झालं, मम्मी. तोवर टीममध्ये दुसरी कुणी उभी राहील.” गाडीत बसल्यावर रडली. मीही रडले, अगदी पार्किंगमध्ये, वॉचमन बघत असताना. मग रडणं आवरून आम्ही एका गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. शेंगदाणे घातलेला तिखट भात, तोंडाला चव नसताना खाण्यासारखी दुसरी वस्तू नाही. लातूरला गेलात तर हॉटेल शोधत बसू नका, गर्दी असलेला गाडा शोधा.

औसा, लामजना, किल्लारी. उजेड असतानाच पोचलो.

माझं माहेर म्हटलं की लोक हळू आवाजात बोलायला लागतात. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव गेलं. आमचे धाकटे काका त्यात गेले. एवढंच सांगते, कारण ही पोस्ट त्याबद्दल नाही. नंतर नवं गाव वसलं, थोडं लांब: सरळ रस्ते, रांगेत घरं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते गावासारखं वाटत नाही, एखाद्या कॉलनीसारखं वाटतं. माझा मोठा भाऊ तिथंच राहतो, शेती करतो. मी त्याला दादा म्हणते, ऋतुजाचा तो मामा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं आम्हाला शेतावर नेलं. हुरड्याचे दिवस. आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजून, हातावर चोळून दाणे थेट तळहातावर देत होता. सोबत वहिनीनं केलेली शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. ऋतुजाला बाजेवर बसवलं होतं. वहिनीनं दादाकडं पेरू भिरकावला, तो चुकून ऋतुजाच्या डोक्यावरून चालला होता. तिनं न बघता एका हातानं झेलला. आम्ही तिघं टाळ्या वाजवायला लागलो. ती हसली, पण तोंडातून “माझा!” आलं नाही. मी वाट बघत होते.

समितीचं काम दादाला कळलं तेव्हा तो खूश झाला. “किल्लारीला घ्या. शाळेमागं मोप मोठं मैदान हाय. आन आमच्याकडं लोक येतेत ते फकस्त जुनी जागा बघायला, तोंड पाडून. कुनीतरी खेळायला या की.”

“मामा, तुमचं गावच नवीन,” ऋतुजा म्हणाली. “तुम्हाला इथं कधी आपलं वाटलं?”

दादा कणीस चोळता चोळता थांबला. “पयले लई दिवस न्हाई वाटलं. सगळी घरं येकसारखी. मी दोनदा दुसऱ्याच्याच घरात शिरून पानी मागितलं.”

“मग?”

“दिलं की त्येंनी. त्ये बी बाकीच्यांच्या घरात शिरतच होते.” तो हसला. मग म्हणाला, “आपलं कवा झालं त्ये कळलंच न्हाई, पोरी. येक दिवस लाईट गेली व्हती. अंधारात उठलो, पानी प्यालो, परत येऊन झोपलो. मंग ध्यानात आलं, माठ कुठं हाय ते हाताला ठाऊक झालंय.”

ऋतुजानं स्वतःचा तो गुडघा दोन्ही हातांनी धरला होता, थंडी वाजत असल्यासारखा. दादानं तिच्या पुढ्यात आणखी दाणे ठेवले आणि म्हणाला, “पन मॅच ठेवशील तर हुरड्याला ठेव बग. दुसऱ्या टायमाला पाव्हण्यांना काय खायला घालनार?”

निघताना आम्ही शाळेमागचं मैदान बघितलं. खडे आहेत, एका बाजूला बाभळी, गोलपोस्ट नाहीत. ऋतुजा कुबड्यांवर पार पलीकडच्या टोकाला गेली आणि जिथं गोल यायला हवा तिथं उभी राहून इकडं बघत राहिली. मी गाडीत बसून राहिले. तिला हाक मारली नाही.

परतीच्या रस्त्यात ती झोपली. लातूर, चाकूर, अहमदपूर, सगळं झोपेत गेलं. नांदेडला पोचलो तेव्हा तिच्या पप्पांनी पिठलं टाकलं होतं, आम्ही वहिनीच्या भाकऱ्या आणल्या होत्या. जेवताना अध्यक्षांनी अहवाल दिला. उद्घाटन नांदेड. सेमीफायनल लातूर, पडदा गंजगोलाईत. टीमचा मुक्काम मुरुडला, काकूंच्या आणि जावेच्या खोलीत. बिलोलीचा विचार चालू आहे, म्हणजे आपल्या शाळेतल्या पोरांना मी काय तोंड दाखवणार देव जाणे. फायनल किल्लारी.

“आणि तारीख?” तिच्या पप्पांनी विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते बँकेतले, त्यांना तारीख लागतेच. मी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले.

“पुढच्या वर्षी,” ऋतुजा म्हणाली. “मामाच्या हुरड्याला.” मग थोडं थांबून, “पप्पा, उद्या लातूरच्या डॉक्टरांना फोन लावा. हुरड्याला गोलमध्ये उभं राहायचं तर आत्ताच सुरू करायला पाहिजे.”

आता हे लिहिताना ऑपरेशन आठवड्यावर आलंय आणि मला झोप लागत नाही, हेही खरं. डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. तुम्ही तिकडं जाणार असाल तर थंडीत जा, सुशीला आणि हुरडा चुकवू नका, आणि किल्लारीला जाल तर नव्या गावातही थोडं फिरा, कुणाच्या तरी घरी पाणी मागा. देतात.

त्या जेवणानंतर डब्यात वहिनीनं दिलेला तिळाचा एकच लाडू उरला होता. मी हात पुढं केला.

“माझा!”

एवढ्या जोरात, की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई गॅलरीत आल्या. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.