भिंतीवरचा ई-मेल

आमच्या आमदारांनी ई-मेल पत्ता काढला, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी धुळ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. काढला म्हणजे मीच काढून दिला. पासवर्डही माझ्याकडेच राहिला. नाना, म्हणजे आमदार, कॉम्प्युटरला हात लावत नसत. पण मुंबईत कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की आता मतदार इंटरनेटवरून बोलणार. झालं! साक्री रस्त्यावरच्या भिंतींवर पत्ता रंगवायचा हुकूम सुटला.

पेंटर मात्र अडला. पत्ता आहे आणि त्यात गावच नाही? असलं अर्धवट काम त्याला खपत नसे. त्यानं आपल्या मनानं खाली ठळक अक्षरांत आमच्या क्लासचा पत्ता टाकला, 'पहिला मजला' धरून. तेव्हा मी त्याच्या नावानं बोटं मोडली. आज मी त्याची ऋणी आहे.

आठवडाभरात जिन्यावर चपलांचा ढीग पडू लागला. कुणाची विहीर, कुणाचं रेशनकार्ड. मी तेव्हा भारी तापट. "हे नानांचं ऑफिस नाही," म्हणत एकेकाला वाटेला लावत होते. पिंपळनेरच्या पलीकडून आलेल्या एक अक्का मात्र खुर्चीवरून हलेनात. आपल्या अहिराणीत लेकीचं गाऱ्हाणं सांगू लागल्या.

"मनी पोर दहावीले शे. सकायनी एसटी बंद व्हई गई. तीन कोस रोज पायी कशी जाई ती? तिना बाप म्हनस, शाळा सोडी दे."

"ग्रामपंचायतीनं अर्ज नाही केला?"

"तीन करात."

मी कुरकुरत चार ओळी टाइप केल्या आणि बटण दाबलं. "गयं?" त्यांनी विचारलं. गेलं, म्हटल्यावर त्यांनी कॉम्प्युटरला हात जोडले.

आठ दिवसांनी अक्का पुन्हा हजर. "जवाब उना का?"

मी नानांची ई-मेलची पेटी उघडली. अक्कांचं पत्र तिथंच पडलेलं, कुणी न उघडलेलं. उघडणार कोण? किल्ली माझ्याकडे आणि पाठवलं की आपलं काम संपलं, अशी माझी समजूत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना वाचताहेत," मी ठोकून दिलं. अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पदर खोचला आणि निघून गेल्या.

त्या जिना उतरल्या तशी मी पत्राचा प्रिंट काढला, क्लास वाऱ्यावर सोडला आणि सायकलवरून नानांचा बंगला गाठला. कडेला भोकं असलेला तो कागद पाहून नाना लहान मुलासारखे हरखले. मजकूर अर्धाच वाचून त्यांनी डेपोला फोन लावला. "इंटरनेटवर तक्रार आलीय! इंटरनेटवर!" डेपोतल्या साहेबांना वाटलं असावं, साऱ्या जगानं वाचली. तीन अर्जांना न हललेली गाडी त्याच सोमवारी सुरू झाली. नानांना मी मनातल्या मनात हसले होते. पण फोन त्यांनीच केला, तेही जागच्या जागी. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

पुढच्या आठवड्यात अक्का त्याच गाडीनं आल्या, नागलीचे पापड घेऊन. पोर शाळेत जात होती.

"नानांना नेऊन देते," मी म्हटलं.

"नानाले कशाले? तूच लिखं, तूच वाचं, तूच पोचाडं."

माझे कान तापले. "तुम्हाला कसं कळलं, अक्का?"

"माले लिखता वाचता येस नही, माय. पन त्या दिनले तुनं तोंड वाचं मी."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलीसन काय व्हतं? तू रडत बसती, अन मनी पोर घर बसती."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी आधी नानांची पेटी उघडू लागले, मग क्लास.