पाचाने गुणलेली भाजी

मी गणिताचा मास्तर आहे. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्यांचं मूळ तेच.

मुलीचं लग्न ठरलं आणि मलकापूरची सोयरे मंडळी पहिल्यांदा चिखलीला आमच्याकडे जेवायला येणार होती. मोजून चाळीस माणसं. बेत शेतात रोडग्यांचा. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला शेजारी तयार होते. वांग्याची भाजी आई करणार होती, पण तिचा गुडघा आखडला आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "तू फक्त कृती सांग, बाकी त्रैराशिक आहे!"

मुलीनं हात जोडले. "बाबा, पहिलंच जेवण आहे त्यांचं. प्लीज." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अडाणी लेकरू!

आईची कृती आठ माणसांची. शेंगदाण्याचं कूट मूठभर, तिखट अर्धी मूठ, पाणी एक गडू. मूठ म्हणजे किती ग्रॅम? मी वजनकाटा आणला आणि आईकडून तीनदा मूठ भरून घेतली. शेहेचाळीस, एकसष्ट, अडतीस.

"आई, एकसारखी भर ना!"

"वांगे एकसारखे असतात का रे?"

या अशास्त्रीय उत्तराकडे दुर्लक्ष करून मी सरासरी काढली, दोन दशांश स्थळांपर्यंत. चाळीस भागिले आठ, पाच. मग कूट पाचपट, तिखट पाचपट, मीठ पाचपट, पाणी पाच गडू. आणि आता कबूल करायलाच हवं, वेळसुद्धा पाचपट. घरी भाजीला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून शेतात तीन तास वीस मिनिटं. सकाळी आठलाच मी भाजीचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, चुलीवर चढवला, वर परात घट्ट बसवली आणि आंब्याखाली खाट टाकून सेनापतीसारखा बसलो.

बरोबर अकरा वीसला परात उचलली. आत वांगं नव्हतं. लालभडक, पातळ रस्सा होता आणि त्यात देठं तरंगत होती. बायकोनं पळीभर चाखला आणि ती पाण्याच्या माठाकडे पळाली. रस्त्याला धूळ दिसायला लागली होती. पाहुण्यांच्या जीपा! मुलीचा चेहरा पाहून माझं गणित प्रथमच गप्प झालं.

काठी टेकत आई आली. तिनं गंजात डोकावलं.

"काऊन रे, वांगे कुठी गेले?"

"विरघळले."

"अन् हे तिखट?"

"पाचपट."

"मिरची काय तुह्या शाळेतला पाढा हाय का, म्हटला का वाढला? हट बाजूले!"

मग तिनं हुकूम सोडले. वाफ्यातून टोपलंभर कोवळी वांगी आली, घरून आणलेले बटाटे चिरले गेले, सगळं त्याच रश्श्यात गेलं, वर कूट पडलं. किती, ते विचारायची माझी हिंमत नव्हती. ती मूठ भरायची, वास घ्यायची आणि कधी अर्धी मूठ परत पिशवीत टाकायची. पाहुणे चहापाणी करून, शेत पाहून येईपर्यंत भाजी झाली होती. फक्त आता ती ऐंशी माणसांची होती.

जेवणं झाली. व्याह्यांचं कपाळ घामानं चमकत होतं. "मास्तर, काय भाजी हाय! अन् सगळ्यांले घरी न्याले डबेबी भरून ठेवले? अशी माया आमी पाह्यली नाई!"

मी नम्रपणे मान लववली. उरलेल्या चाळीस माणसांच्या भाजीला माया म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं.

"लग्नातबी भाजी तुमीच करा," ते म्हणाले. "फक्त पाचशे पानं हायत."

पाचशे भागिले आठ! माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पण पेन तिथे नव्हतं. ते बायकोच्या मुठीत होतं, आणि ती मूठ अजिबात उघडणार नव्हती.