पांढऱ्या बॉनेटवरचा डाग

ज्या सीटवर बसून मी सकाळभर काम केलं, त्या सीटवर अण्णांनी माझ्यादेखत गोमूत्र शिंपडलं.

खंडेनवमीचा दिवस होता. हिंगोलीत अकोला रोडला आमचं दुकान. गाड्या धुणं, आतून साफ करणं, पॉलिश मारणं. अण्णा म्हणजे जवळा बाजारकडचे बागायतदार, आमच्या मालकाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची पांढरी गाडी मी चकाचक केली होती. दाराच्या फटीतली मातीसुद्धा ब्रशनं काढली होती. अण्णा खूश झाले. खुशीतच त्यांनी विचारलं, "गाव कोणतं रे तुझं? कोणाचा तू?"

मी गाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं.

अण्णांचं हसू तिथल्या तिथं थांबलं.

"आत बसला व्हतास का तू?"

"व्हय," मी म्हणालो. "आतून साफ करायचं तं बसावंच लागतं."

काकू, म्हणजे त्यांच्या बायको, पूजेचं सामान घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पिशवीतून अण्णांनी बाटली काढली आणि विड्याच्या पानानं शिंपडायला लागले. सीटवर. स्टिअरिंगवर. गिअरवर. जिथं जिथं माझा हात लागला असेल तिथं बराबर. दुकानातली माणसं बघत होती. मी फडकं धरून उभा. सीटवर थेंब साचलेले पाहून आमचे मालक सवयीनं मला म्हणाले, "पूस रे ते."

अण्णा म्हणाले, "त्याला नको."

मालकांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतः पुसलं. चार वर्षांत मी त्यांना गाडी पुसताना पहिल्यांदा पाहिलं.

मग काकूंनी वाटीत कुंकू कालवलं आणि बॉनेटवर बोटानं साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायला घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, कोरडं लावा. वल्लं कुंकू पांढऱ्या रंगाला धरतं."

"आता तू पूजा शिकवून राहिला का आमाला?" अण्णा म्हणाले. काकूंनी साथिया पुरा केला. नारळ फुटला, त्याचं पाणी बॉनेटवर पडलं. चाकाखाली लिंबू चिरडून गाडी निघून गेली.

त्या दिवशी आमच्या पॉलिशच्या मशीनलाही झेंडूचा हार होता. खंडेनवमीला हत्याराची पूजा करतात. मशीनला हार, आणि मशीन धरणाऱ्या हाताचा विटाळ. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा नुसती लाज वाटली होती. वाटायला हवी होती त्यांना आणि वाटली मला, याचं आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मी आयटीआय केलेलं आहे. मोटार मेकॅनिक. इंजिन खोलायचं, जोडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मालक म्हणाले होते, सहा महिने डिटेलिंग कर, मग आपल्याच गॅरेजमध्ये घेतो. डिटेलिंग म्हणजे हीच धुण्यापुसण्याची कामं, पण शब्द मला लई मोठा वाटला. आईलाही तोच सांगितला. ती शेजारणींना सांगायची, पोरगं कारच्या कंपनीत हाय. सहा महिन्यांची चार वर्षं झाली. गॅरेजमध्ये माझ्यामागून आलेली पोरं लागली, मालकाच्या नात्यागोत्यातली. मी पायपुसण्या झटकत राहिलो. लोकांच्या लेकरांनी सीटवर ओकलेलं काढत राहिलो. गावातला एक जण बसस्टँडवर भेटला की मुद्दाम विचारायचा, "काय इंजिनीयर, आज कोणाला आंघोळ घातली?" मीही हसायचो. दुसरं काय करणार.

तरी काम मी मन लावून शिकलो. बोटं फिरवली की रंग कुठं खरखरीत झालाय ते कळायचं. कोणतं पॅड, किती दाब, मशीन किती फिरवायचं. नाइलाजानं धरलेलं काम होतं, पण त्यात मी कधी हात राखला नाही.

आठव्या दिवशी गाडी परत आली. पूजेचा साथिया हातानं पुसायचा नसतो, आपोआप जाऊ द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत. दसऱ्यानंतरच्या उन्हात गाडी आठवडाभर तशीच फिरली. मग धुतली, तर खाली लाल सावली उरलेली. साथियाच्या चारही हातांसकट.

"यानं राग धरला," अण्णा मालकाला सांगत होते. "पॉलिशमधी कायतरी घातलं यानं."

मालकांनी मला बाजूला घेतलं. "चूक झाली म्हण. पाया पड अन् डाग काढून दे. अर्ध्या घंट्याचं काम हाय तुझं."

त्यांना सगळं माहीत होतं. मी काकूंना सांगितलं तेव्हा ते शेजारीच उभे होते. अण्णांच्या शिंपडण्यापेक्षा मला हे जास्त लागलं.

मी बॉनेटजवळ गेलो. डाग वरवरचा होता. हात शिवशिवले, खोटं कशाला सांगू. पण मी मशीनला हात लावला नाही.

"डाग कुंकवाचा हाय," मी म्हणालो. "मी सांगितलं व्हतं. काकूंना इचारा."

काकू गाडीत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"माझी चूक न्हाई. मी माफी मागणार न्हाई."

"मंग डाग काढ," अण्णा म्हणाले.

"ज्या हाताचा इटाळ व्हतो तो हात काहून लावायला सांगता? गोमूत्र शिंपडून बघा, जातो का."

अण्णांनी हात उगारला, मालक मध्ये पडले. मग मालक मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

घरी आईला सगळं सांगितलं. काम काय करतो तेही पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, "माफीचे दोन शब्द बोलला असतास तं काय झिजला असतास का?" मला रडू आलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "माझ्यावर बी शिंपडलं व्हतं. लोकांकडं हळद निवडाया जायची तवा. मी उठले की मागं बसल्या जागी पाणी टाकायचे. तुला कधी सांगितलं न्हाई."

"तू काय केलंस?"

"काय करनार. दुसऱ्या दिशी परत गेले."

परवा मालकांचा फोन आला. दुकानातल्या दोघांनी डाग काढायला बघितलं, उलट रंग उडाला. ये म्हणाले, अण्णांना मी समजावतो, आता गॅरेजमध्येही घेतो. चार वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द होता. मी नाही म्हणालो. घरात मीच एक कमावता.

दुसरं काम शोधतो आहे. गाड्या पुसायचंच मिळालं तर पुसेन, कामाची मला लाज नाही. पण कोणी विचारायच्या आत आडनावासकट नाव सांगेन. माझ्या मागं पाणी टाकणाऱ्याच्या दारात मी दुसऱ्या दिवशी जाणार नाही. आई परत गेली होती. मी जाणार नाही.